दगडूवर हसायचं की दगडूसोबत? : एका रोमँटिक कॉमेडीची आंबेडकरी झडती

परभणी जिल्ह्यात बसून रोमँटिक कॉमेडीवर लेख लिहायचा, याला काही साथी आक्षेप घेतील. घ्यावाच. १० डिसेंबर २०२४ला परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर आपल्या वस्त्यांमध्ये काय घडलं ते पाथरीपासून गंगाखेडपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. अशा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी निवेदनं लिहायची, मोर्चे काढायचे, की 'टाईमपास' बघून त्याच्यावर चर्चा करायची?

आमचं उत्तर असं की दोन्ही करायचं. आणि दुसरं काम वाटतं तितकं हलकं नाही.

आमची आवड काय, हे वाचकांना माहीत आहे. 'जय भीम कॉम्रेड', 'फँड्री', 'कोर्ट', 'कर्णन' हे आमचे सिनेमे. ज्यात घाम, तुरुंग, मोर्चा, पोलीस आणि शेवटी एक सणसणीत चपराक असते, ते आम्ही बघतो आणि दुसऱ्यांना दाखवतो. चाळीच्या जिन्यात मुलगा मुलीला चिठ्ठी देतो, मागे व्हायोलिन वाजतं, हा आमचा प्रांत नाही. पण आपल्या घरातली सोळा-सतरा वर्षांची पोरं आमच्या यादीतले सिनेमे बघत नाहीत. ती 'टाईमपास' बघतात. तुकड्यातुकड्याने, फोनवर, दहा-दहा वेळा बघतात. त्यातले संवाद त्यांना पाठ आहेत. जे आपल्या पोरांच्या तोंडी आहे त्याची झडती आपण घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची?

लग्न हा बाबासाहेबांचा विषय आहे

आधी एक गैरसमज दूर करू. प्रेम, लग्न, स्थळ, मुलगी बघणं हे "खाजगी" विषय आणि आरक्षण, अत्याचार, जमीन हे "चळवळीचे" विषय, अशी वाटणी बाबासाहेबांनी कधीच केलेली नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं मर्म कशात सांगितलं? अस्पृश्यतेत नाही, धंद्यात नाही, रोटीबंदीतही नाही. ते सांगितलं लग्नात. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती म्हणजे जात. ही सक्ती टिकवायची तर गटातल्या बायका आणि पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई "उरते", बायको मेली की पुरुष "उरतो". या उरलेल्यांनी गटाबाहेर जाऊ नये म्हणून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह आले, अशी ती मांडणी आहे. वीस वर्षांनी, १९३६ साली, 'जातिनिर्मूलन' लिहिताना त्यांनी याच धाग्याचं दुसरं टोक पकडलं आणि जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, असं सांगितलं. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल होतं. ते बिल तरी कशाबद्दल होतं? लग्न, घटस्फोट, वारसा, दत्तक. कायदेमंत्र्याने खुर्ची सोडावी इतका तो विषय मोठा होता.

मग रोमँटिक कॉमेडी म्हणजे काय? कोण कोणाच्या प्रेमात पडतो, कोण आडवा येतो, आणि शेवटी कोणाचं कोणाशी जमतं, एवढीच तिची गोष्ट असते. म्हणजे १९१६च्या निबंधात जे यंत्र उघडून दाखवलं, त्याच यंत्रावर हा सगळा सिनेमा चालतो. फरक एवढाच की सिनेमा ते झाकून ठेवतो आणि वरून फुलं टाकतो.

'टाईमपास'ची चांगली बाजू

रवी जाधव दिग्दर्शित 'टाईमपास' ३ जानेवारी २०१४ला आला आणि त्याने तीस कोटींच्या वर धंदा केला. त्या काळात मराठी सिनेमासाठी हा आकडा डोळे विस्फारणारा होता. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकातली मुंबई. रिक्षावाल्या बापाचा, दहावीत नापास झालेला दगडू शांताराम परब. समोर शिस्तीच्या, अभ्यासाच्या, गाण्याच्या घरातली प्राजक्ता लेले. मध्ये भिंतीसारखे उभे तिचे वडील माधव लेले. प्रथमेश परब, केतकी माटेगावकर आणि वैभव मांगले यांनी ही तीन टोकं धरली आहेत. दगडूचा बाप भालचंद्र कदम.

आधी जे चांगलं आहे ते मोकळ्या मनाने सांगतो. टीका करायची म्हणून डोळे झाकायचे, ही आंबेडकरी रीत नाही.

पहिली गोष्ट, दगडू रडका नाही. गरीब पोरगा पडद्यावर आला की मराठी सिनेमा त्याच्या डोळ्यांत पाणी घालतो आणि हात जोडायला लावतो. दगडू हात जोडत नाही. तो नापास झालाय, खिशात दमडी नाही, पण चालतो छाती काढून. बोलतो तो रस्त्यावरची भाषा, आणि त्या भाषेची त्याला लाज वाटत नाही. बालभारती, मलेरिया, कोंबडा ही त्याच्या मित्रांची नावं. ज्या शाळेने या पोरांना बाहेर काढलं, तिच्या पुस्तकाचंच नाव एकाला ठेवलंय. ही गंमत वस्तीतलीच आहे. आपल्या वस्तीतल्या पोरांना हा सिनेमा का आवडला, हे यातून कळतं. पडद्यावर त्यांची कीव करणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सिनेमात हसू कोणत्या दिशेला जातं ते बघा. मराठी विनोदाचा मोठा भाग आजवर खाली बघून हसत आला. गावंढळ बोलणं, काळा रंग, नोकर, मोलकरीण यांच्यावर हसणं हाच कित्येक नाटकांचा धंदा होता. 'टाईमपास'मध्ये थिएटर हसतं ते लेल्यांवर. त्यांच्या कडक सोवळ्या बोलण्यावर, घरातल्या दराऱ्यावर, आपली मुलगी आणि आपली संस्कृती एकाच कपाटात कुलूपबंद ठेवण्याच्या धडपडीवर. प्रेक्षक दगडूसोबत उभा राहतो आणि तिथून वर बघून हसतो. तीस कोटींचा मराठी प्रेक्षक दोन तास का होईना त्या बाजूला उभा राहिला, ही साधी गोष्ट नाही.

मुलीची जात दिसते, मुलाची दिसत नाही

आता झडती.

लेले हे आडनाव ऐकल्याबरोबर महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही त्या घराची जात कळते. सिनेमा ती लपवतही नाही. घर, भाषा, गाणं, स्वयंपाक, सगळ्यातून ती सांगतो. पण दगडूची जात कोणती? परब या आडनावावरून कोकण कळतं, पुढे काही कळत नाही. सिनेमाही सांगत नाही. तो गरीब आहे, उनाड आहे, नापास आहे, एवढंच. म्हणजे वरच्या बाजूला जात आहे आणि खालच्या बाजूला फक्त गरिबी आहे. एका टोकाला जात ठेवून दुसऱ्या टोकाची काढून घेतली की भांडण कशाचं उरतं? श्रीमंत-गरिबाचं, शिकलेल्या-न शिकलेल्याचं. मग उपायही सोपा होतो. शिक, मोठा हो, कमव, म्हणजे मुलगी मिळेल.

आपल्या पोरांना हा उपाय खोटा आहे हे सांगावं लागत नाही. शिकून, नोकरी लागून, शहरात फ्लॅट घेऊनही स्थळ सांगताना आडनाव विचारतातच. गरिबी जाते, जात जात नाही. 'टाईमपास' ही दोन दुखणी एकच असल्यासारखा वागतो. तिथे तो आपली फसवणूक करतो.

पण जात अशी दाराबाहेर थांबत नाही, ती खिडकीतून आत येते. या सिनेमातलं एक गाजलेलं गाणं आठवा. मुलीला साजूक तुपातल्या पोळीची उपमा, आणि या पोळीला आता मासळीचा नाद लागला असा एकूण सूर. पोरं यावर लग्नाच्या वरातीत नाचतात. जातीचा उच्चारही न करता जात सांगण्याची याहून सोपी युक्ती नाही. तूप एका घरात, मासळी दुसऱ्या घरात. रोटीवरून बेटी. ज्या देशात कोणाच्या डब्यात काय आहे यावरून भाड्याची खोली मिळते किंवा नाकारली जाते, तिथे हे गाणं निरागस कसं असेल? सिनेमाला सगळं माहीत आहे. फक्त तोंडाने बोलायचं नाही, एवढं ठरलेलं आहे.

नावात दगडू

नायकाचं नावही काही अपघाताने आलेलं नाही. 'दगडू' हे नाव लेल्यांच्या घरात ठेवत नाहीत. शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा ही आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेली नावं. पोर जगावं म्हणून आईने मुद्दाम असं नाव ठेवलं, हेही खरं. पण वाईट नाव ठेवल्याने जिथे पोर वाचतं अशी समजूत आहे, तो समाज कसा असेल?

मराठीत याआधीही एक दगडू होऊन गेला आहे. दगडू मारुती पवार. जग त्यांना दया पवार म्हणून ओळखतं. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये हाच दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो. तो दगडूही मुंबईत वाढला, गरिबीत वाढला, त्यालाही प्रेम आणि ओढ होती. पण त्याची जात वाचकाला पानोपानी कळते, कारण समाज त्याला ती क्षणभर विसरू देत नाही. छत्तीस वर्षांनी मराठी सिनेमाला दुसरा दगडू सापडला आणि त्याने नाव ठेवलं, जात पुसली. नाव हवं होतं, कारण त्यावर हसू येतं. जात नको होती, कारण ती आली की हसू थांबतं.

साईबाबांची शपथ आणि आमची पाथरी

हा दगडू येता-जाता आईबापांच्या जोडीला साईबाबांची शपथ घेतो. ही शपथ महाराष्ट्रभर पोरांच्या तोंडी बसली. आम्ही पाथरीचे, त्यामुळे ती आम्हाला जरा वेगळी ऐकू येते.

साईबाबा पाथरीचे, असा दावा इथे आहे. जन्मस्थान मंदिर आहे. जानेवारी २०२०मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, तेव्हा शिर्डीकर चिडले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. वाद वरवर पैशाचा आणि भाविकांचा होता. पण त्याच्या पोटात काय होतं? ज्या फकिराने आयुष्यभर आपली जात, धर्म, गाव सांगितलं नाही, त्याला मेल्यानंतर शंभर वर्षांनी जन्मगाव मिळालं. आणि जन्मगावासोबत आडनाव आणि जातही मिळाली, कारण पाथरीच्या दाव्यात ते भुसारी या ब्राह्मण घराण्यातले आहेत. निनावी माणूसही या व्यवस्थेला चालत नाही. तो मोठा झाला की त्याला वरची जात चिकटवली जाते.

म्हणून आम्हाला दगडूची ती शपथ अर्थपूर्ण वाटते. ज्याची जात कोणाला माहीत नाही असा नायक, ज्याची जात कोणाला माहीत नाही अशा फकिराची शपथ घेतो. निर्मात्यांच्या मनात हे नसेलही. पण मराठी माणसाला जातीशिवायचं प्रेम बघायचं आहे, ही ओढ त्यात आहे. ओढ खरी आहे. तिला दिलेलं उत्तर कच्चं आहे. जात न सांगितल्याने जात मरत नाही.

कांदेपोह्यांची कॉमेडी

'टाईमपास' निदान भिंत तरी दाखवतो. मराठीतल्या दुसऱ्या गाजलेल्या रोमँटिक कॉमेडीत भिंतच नाही. २०१०चा सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' घ्या. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, एक दिवस, पुण्याचे रस्ते, आणि मुंबई बरी की पुणे बरं यावरची लाडिक भांडणं. सिनेमा बघायला गोड आहे, अभिनय सहज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या भागात या दोघांची नावंही कळत नाहीत. ती २०१५च्या दुसऱ्या भागात कळतात, गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान.

पण मुळात मुलगी मुंबईहून पुण्याला येते कशाला? घरच्यांनी सुचवलेल्या मुलाला नकार द्यायला. म्हणजे सिनेमा सुरू होण्याआधीच दोन्ही घरांनी जात, पगार, पत्रिका सगळं पाहून ठेवलेलं आहे. सगळ्यात मोठी अडचण पडदा उघडण्याआधीच घरच्यांनी दूर केलेली आहे. आता भांडायला उरतं काय? शहर, सवयी, स्वभाव. ज्यांच्या प्रेमाला दुसरी कुठलीच अडचण नाही, त्यांना मुंबई-पुणे ही अडचण वाटू शकते. याला आम्ही दोष देत नाही. पण मराठी प्रेक्षक हिलाच "सर्वसामान्य" प्रेमकथा म्हणतो आणि 'सैराट'ला "जातीची" प्रेमकथा म्हणतो, तिथे आमचा आक्षेप आहे. जात दोन्हीकडे आहे. एकीकडे ती बाजूने आहे म्हणून दिसत नाही.

२०१४ सालचे चार महिने

आता तीन तारखा शेजारी ठेवून बघू.

३ जानेवारी २०१४. 'टाईमपास' प्रदर्शित झाला. गरीब पोरगा वरच्या घरातल्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि महाराष्ट्र हसतो.

१४ फेब्रुवारी २०१४. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. मुद्दाम व्हॅलेंटाईन डेला. इथेही शाळकरी पोरगा, इथेही वरच्या घरातली मुलगी. पण जब्याची जात पुसलेली नाही. ती डुकरासोबत त्याच्या खांद्यावर आहे. आणि इथेही लोक हसतात. जब्याचं घरदार डुकराच्या मागे धावतं, गाव बघत उभं राहतं आणि हसतं. शालूही हसते. 'टाईमपास'मधलं हसू आणि हे हसू एकच नाही. एक दगडूसोबतचं आहे, दुसरं जब्यावरचं. हा फरक ज्याला कळला त्याला विनोदाचं राजकारण कळलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो. एका सिनेमात पोराचं नाव दगडू, दुसऱ्यात पोराच्या हातात दगड. सहा आठवड्यांच्या अंतराने आलेले हे दोन सिनेमे एकत्र बघितल्याशिवाय एकही पूर्ण कळत नाही, असं आमचं मत आहे.

२८ एप्रिल २०१४. अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा गाव. नितीन आगे, वय सतरा, शाळेत शिकणारा दलित मुलगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारून टाकण्यात आलं. नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. साक्षीदार फितूर झाले होते.

आम्ही 'टाईमपास'ला खुनासाठी जबाबदार धरत नाही. तसा आरोप मूर्खपणाचा ठरेल. आमचं म्हणणं एवढंच की त्याच चार महिन्यांत, त्याच राज्यात, तेवढ्याच वयाच्या एका मुलासाठी "टाईमपास" हा शब्द मरणाचा होता. पडद्यावरच्या दगडूला जास्तीत जास्त काय होतं? अपमान, मारझोड, ताटातूट. पहिला भाग वियोगावर संपतो आणि दुसऱ्या भागाची सोय करून ठेवतो. खर्ड्याच्या पोराला दुसरा भाग नव्हता.

म्हणूनच आपल्या मुलांना हा सिनेमा एकट्याने बघायला सोडू नका. बंदी घालू नका, शेजारी बसा. आणखी एक गोष्टही सांगा. मुलीच्या मागे मागे फिरणं, मित्रांनी घोळका करून तिच्या वाटेवर उभं राहणं, याला हा सिनेमा गंमत म्हणतो. मुलीला ती गंमत वाटते का, हे तो आधी विचारत नाही. ज्या समाजाच्या बायकांनी शतकानुशतकं वाटेवरची छेडछाड सोसली, त्या समाजाच्या पोरांना तरी हे कळलं पाहिजे. मुलीचा "नाही" हा शब्द संविधानाइतका पक्का मानायचा.

आपल्या अंगणातली झडती

दुसऱ्यांची झडती घेतली, आता आपलीही घेऊ.

पहिला प्रश्न, या सगळ्या गोष्टींत आपली मुलगी कुठे आहे? 'टाईमपास'मध्ये मुलगी लेल्यांची. 'फँड्री'त शालू वरच्या घरातली. 'सैराट'मध्ये आर्ची पाटलांची. आपल्या बाजूच्या दिग्दर्शकानेही प्रेम करण्याजोगी मुलगी वरच्या आळीतच शोधली. जब्याच्या घरातही मुली आहेत. त्यांच्यावर कोणी गाणं लिहिलं? काळी-सावळी, रमाई घरकुलात राहणारी, एमपीएससीची तयारी करणारी, जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारी आपली पोरगी मराठी रोमँटिक कॉमेडीची नायिका अजून झालेली नाही. तिच्यावर अत्याचार झाला तरच ती पडद्यावर येते.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत काय चालतं? व्यासपीठावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली पालक कुजबुजत "मूळचे कोण" ते विचारतात. मुलाने ब्राह्मण किंवा मराठा मुलीशी लग्न केलं की आपण क्रांती म्हणून पेढे वाटतो. मुलीने मातंग, वडार, पारधी मुलाचं नाव काढलं की त्याच घरात चूल पेटत नाही. मग माधव लेले फक्त सदाशिव पेठेत राहतात का? लेले आपल्या बौद्ध वाड्यातही राहतात. फक्त त्यांच्या भिंतीवर फोटो वेगळा असतो. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं तेव्हा समाजातल्या काहींनी नाकं मुरडली होती, आणि माईसाहेबांच्या वाट्याला पुढे काय आलं ते आपण जाणतो. जात मोडण्याचं भाषण करणं आणि घरातल्या पोरीचं प्रेम पचवणं, यात मोठं अंतर आहे.

तिसरा प्रश्न हसण्याचा. चळवळीतल्या माणसाने गंभीर असावं, हसणारा तो उथळ, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. ती कुठून आली? आपल्या परंपरेतून तर नाही. तमाशा आपल्या माणसांनी जगवला. गण-गवळणीतला सोंगाड्या राजाची आणि पाटलाची टर उडवत होता आणि गाव ते ऐकून घेत होतं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी प्रबोधन केलं ते रडवून कमी, हसवून जास्त. आणि जात ओलांडणाऱ्या प्रेमाची गोष्टही तमाशाला नवी नाही. श्रीधर कुलकर्णी नावाचा ब्राह्मण पठ्ठे बापूराव झाला आणि पवळाबाईंसोबत फडावर उभा राहिला, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हसणं हा आपला वारसा आहे. तो आपण सोडला आणि वाहिन्यांनी उचलला.

आम्हाला कसली रोमँटिक कॉमेडी हवी?

'सैराट'चा पूर्वार्ध आठवा. विहीर, ट्रॅक्टर, चिठ्ठ्या, मित्र, हसून हसून पोट दुखेल अशी प्रेमकथा. मग उत्तरार्धात रक्त. जे होतं ते मंजुळेंनी दाखवलं, त्यांची तक्रार नाही. पण आपल्या वाट्याला कायम पूर्वार्धापुरतंच हसू का यावं? उत्तरार्धातही जिवंत राहणारी, भाड्याच्या खोलीवरून भांडणारी, म्हातारी होणारी जोडी आम्हाला बघायची आहे.

ती अशक्य नाही. पा. रंजित यांनी २०२२मध्ये 'नक्षत्रम नगरगिरदु' केला. त्याची नायिका रेने ही दलित मुलगी आहे. ती हसते, चिडते, प्रेम करते, प्रेम मोडते, आणि आपली ओळख खाली मान घालून सांगत नाही. नीरज घायवान यांनी 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात, २०२३मध्ये, एका दलित नायिकेचं बौद्ध पद्धतीचं लग्न दाखवलं. बाबासाहेबांचा फोटो, पांढरी साडी, आणि शेवटी खून नाही, वरमाला. तो भाग बघून कितीतरी आपल्या मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण पडद्यावर आपलं लग्न त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तमिळमध्ये होतं, हिंदीत होतं. मग ज्या भाषेत 'बलुतं' लिहिलं गेलं, त्या भाषेत का होत नाही?

विषय तर आपल्या आजूबाजूला पडलेले आहेत. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस घ्या. कार्यालयाच्या फलकावर दोन नावं लागतात आणि महिनाभर अख्ख्या तालुक्याचे मामा-काका ती वाचायला येऊ शकतात. यात भीती आहे तितकाच विनोदही आहे. आंतरजातीय लग्नाच्या सरकारी अनुदानासाठी नवरा-बायकोने आपापले जातीचे दाखले जोडायचे असतात. जात मोडली याचा पुरावा म्हणून जातीचा दाखला! याहून मोठी कॉमेडी कोणता लेखक लिहिणार? परभणीच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करणारे दोघं, एका बाकावर एकच पुस्तक, यावर पोरांनो, तुम्हीच लिहा. फोनवर शूटिंग करा. वाहिनीची वाट बघू नका.

तोपर्यंत जे समोर आहे ते डोळे उघडे ठेवून बघा. कुठलीही रोमँटिक कॉमेडी बघताना चार प्रश्न विचारा :

१. कोणाची जात दिसते आणि कोणाची लपवली आहे?
२. हसू कोणासोबत आहे आणि कोणावर आहे?
३. मुलीला काय हवं आहे, हे तिला कोणी विचारलं का?
४. अडचण नेमकी कोणती होती, आणि ती खरंच सुटली की पैसा आणून झाकली?

हे चार प्रश्न 'टाईमपास'ला लावले तर आमच्या मते तो दुसऱ्यात चांगल्या गुणांनी पास होतो, तिसऱ्यात काठावर, आणि पहिल्या व चौथ्यात दगडूसारखाच नापास. पण नापास पोराला शाळेतून काढून टाका, असं म्हणणारे आपण नव्हे. त्याला शेजारी बसवून शिकवणारे आपण.

आणि एक शेवटचं काम, सिनेमाच्या बाहेरचं. तुमच्या गावात, तुमच्या नात्यात कोणी जातीबाहेर प्रेम केलं असेल, तर पुढच्या आठवड्यात त्यांना भेटा. मुलगा वरच्या जातीचा असो की खालच्या, मुलगी आपली असो की परकी. त्यांना विचारा, निबंधक कार्यालयात साक्षीदार लागतो का? कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दगडू आणि प्राजक्ताला तेच मिळाले नाहीत. खर्ड्यात जे होते ते फितूर झाले.

आपण फितूर व्हायचं नाही.

जय भीम! जय संविधान!